लतीफमामूंची लांडगीण

कॅमेरा कोणता घ्यावा, हे विचारायला कुणी आलं की लतीफमामू त्याला आधी स्टुडिओबाहेर काढायचे. समोरच्या भिंतीवर एखादा कावळा बसलेला असायचाच. "जा त्याच्याकडं. उडाला की तिथंच थांब. आता चार पावलं मागं ये. हितून त्याचा डोळा दिसंल असा लेन्स घे." एखाद्यानं मेगापिक्सेलचा विषय काढलाच तर म्हणायचे, "कामून? कावळ्याचं फ्लेक्स लावून राह्यला का चौकात?"

जाफराबादेत मामूंनी जन्मभर लग्नाचे फोटो काढले आणि त्याच कमाईतून माळावरच्या जनावरांसाठी एक जुना, लांब पल्ल्याचा लेन्स घेतला. कॅमेरा साधाच. "बॉडी आज हाय, उद्या भंगार. काच ऱ्हाती, बेटा. खर्चा काचंवर कर."

गावाबाहेरच्या माळावर मुरमाची खदान होणार होती आणि तिथंच लांडगीण व्याली होती. आम्ही गावातली काही पोरं खदानीविरुद्ध पत्रकं वाटत होतो. तालुक्याच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "तिथे वन्यजीव नाहीत. असल्यास पुरावा आणा." मी मामूंकडे धावलो.

"मामू, छोटा लेन्स लावा. मागची गावची पाण्याची टाकी फोटोत आलीच पाहिजे, म्हणजे जागा कळेल."

"त्यासाठी मला तिच्या दारात जाऊन बसावं लागंल. बाळंतीण हाय ती. पिल्लं तोंडात धरून निघून जाईल. मंग तू काय वाचवून राह्यला, टाकी?"

त्यांनी लांबूनच फोटो काढला. पिल्लं आईच्या पोटाशी, तिची मिशी न् मिशी मोजावी इतकी स्पष्ट. मागे मात्र नुसता पिवळा धूसर पडदा. मी हट्ट धरला म्हणून लेन्स बदलून तिथूनच दुसराही काढला. त्यात टाकी होती, आणि लांडगीण मोहरीएवढी.

साहेबांनी पहिला पाहिला. "छान आहे. पण हा कुठलाही असू शकतो." दुसरा पाहून म्हणाले, "हे कुत्रं आहे." चला, दाखवतो म्हटलं, तर साहेबांना गाडी नव्हती. ज्याला बघायचंच नाही त्याच्यासाठी जगात लेन्स बनलेला नाही, हे मी पुढच्या पत्रकात ठळक छापलं. यंत्रं आलीच. बीळ होतं तिथं एका सकाळी खड्डा होता.

मामू कितीतरी दिवस पहाटे जाऊन मातीत पावलांचे ठसे शोधायचे. सापडले नाहीत. एकदा खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाले, "जवळ गेलो असतो तर पळाली असती रे. पळाली असती तर वाचली असती."

नव्या वर्षी त्याच कचेरीनं कॅलेंडर काढलं. पहिल्याच पानावर मामूंची लांडगीण, खाली अक्षरं: 'आपल्या तालुक्याचे वन्यवैभव'. फोटो आमच्या अर्जाला जोडलेलाच उचलला होता. मामूंना विचारणं दूरच, नावसुद्धा नाही. मी मोर्चाच्या तयारीला लागलो. मामू म्हणाले, "थांब. आधी मला विचारू दे."

कचेरीत साहेबांनी आम्हाला ओळखलंसुद्धा नाही. मामूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं.

"साहेब, ही कुठली हाय?"

"इथलीच की! आपल्याच माळावरची," साहेब कौतुकानं म्हणाले. "तुम्ही गावात नवीन आलात का?"

"न्हाई साहेब. जुनाच हाय. निघून राह्यलो."

महिन्याभरात मामूंनी स्टुडिओ बंद केला आणि ते परतूरला लेकीकडं राहायला गेले. साहेब अजून इथंच आहेत.