आक्काच्या नावापुढचा रकाना

"टाच बघू."

वृद्धाश्रमात शिरल्यावर सिस्टरांचं पहिलं वाक्य हेच असायचं. समोर हार घेऊन संचालक उभे असोत की भिंतीवर थोरामोठ्यांचे फोटो असोत, त्या कुणाकडं बघायच्या नाहीत. चपला दारात काढून थेट शेवटच्या खाटेकडं जायच्या, पायथ्याची चादर उचलायच्या आणि झोपलेल्या माणसाची टाच दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवायच्या. लाल झालीय का, काळी पडलीय का, कातडी सुटलीय का. मग कंबर, मग पाठ. पडून राहिलेल्या माणसाला जखमा होतात त्या इथंच. एवढं झालं की मागं वळून संचालकांना नमस्कार.

तुम्ही कधी आईवडिलांसाठी असली जागा बघायला गेला असाल, तर काय बघून आलात ते मी सांगू शकतो. फरशी बघितलीत, बाग बघितलीत, देव्हारा बघितलात. मीही तेच बघत होतो. मी जिल्ह्याच्या एका कार्यालयात कारकून. वृद्धाश्रमांच्या तपासणीला समिती निघाली की फाइल काखेत मारून मागं चालायचं आणि परत आल्यावर अहवाल टाइप करायचा, हे माझं काम. समितीत आजारी माणसाला हात लावता येईल अशा एकट्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या. बुटका बांधा, जाड भिंगांचा चष्मा आणि आवाज असा की वॉर्डबॉय जिन्यातच थबकायचे.

त्यांच्याबरोबर तपासणीला जाणं ही एक करमणूकच होती. कळंबकडच्या एका आश्रमात संडासाच्या भिंतीला म्हाताऱ्यांना धरायला चकचकीत दांडी बसवली होती. सिस्टरांनी ती धरून अंगाचा सगळा भार टाकला. दांडी स्क्रूंसकट हातात आली. दांडी हातात घेऊन सगळा आश्रम फिरल्या आणि शेवटी उपम्याच्या बशीशेजारी टेबलावर ठेवून दिली. संचालकांच्या घशाखाली उपमा उतरेना.

दुसऱ्या एका ठिकाणी मागच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं. आग लागली तर बाहेर पडायचं ते दार.

"किल्ली कुणाकडं हाय?"

"वॉचमनकडं, मॅडम. तो लग्नाला गेलाय वाशीला. संध्याकाळी येतोच."

"मग आगीला सांगून ठिवा. म्हणावं, लगीन उरकस्तोर थांब."

पाण्याचा तांब्या हाताला येतो का हे बघायला त्या स्वतः खाटेवर आडव्या व्हायच्या आणि हात लांब करायच्या. उदबत्त्यांचा घमघमाट आला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "कशाचा वास झाकलाय, ते दावा आधी."

मी मनातल्या मनात हसायचो. पण ते हसू फार काळ टिकायचं नाही. कारण टाच बघायची सवय त्यांना कुठून लागली ते मला ठाऊक होतं.

उमरग्याजवळ महामार्गाला लागून एक वृद्धाश्रम आहे. सिस्टर समितीवर आल्या त्या वर्षी पहिली तपासणी तिथलीच झाली. तपासणीचं पत्र आठ दिवस आधी धाडायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं आम्ही पोचलो तेव्हा सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या, चादरी घडी मोडलेल्याही नाहीत, म्हाताऱ्यांच्या दाढ्या गुळगुळीत. संचालक पांढऱ्या शर्टात, हात जोडून. कार्यालयात मी त्याला 'ते' आणि 'सर' पुष्कळ म्हटलं, इथं म्हणणार नाही. सिस्टरांनी त्या दिवशी टाच बघितली नाही. फरशी बघितली, रजिस्टर बघितलं आणि शेरा लिहिला, 'उत्तम. घरच्यासारखे वातावरण.'

हा शेरा त्यांनी मनापासून लिहिला होता. इतक्या मनापासून की दोन महिन्यांनी त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला तिथं आणून ठेवलं.

ही आक्का. आई लवकर गेली, तेव्हापासून सिस्टरांना हिनंच वाढवलं. दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाऊन धाकटीला नर्सिंगला घातलं. आक्काला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावं अंग गेलं. सिस्टर एकट्या, ड्यूटी कधी सकाळची तर कधी रात्रीची, घरी बघायला कुणी नाही. आपण तपासलेली जागा आहे, या भरवशावर त्यांनी आक्काला तिथं नेलं. दर रविवारी भेटायला जायच्या. रविवारी आक्का खुर्चीत बसवलेली, केस विंचरलेले, कपाळाला बुक्का. "बरी हाय मी," असं ती वाकड्या तोंडानं म्हणायची. चार लोकांसमोर बहिणीचं लुगडं काय वर करायचं, म्हणून तीस वर्षांच्या नर्सनं तिची पाठ बघितली नाही.

एकदा ड्यूटी बदलली, रविवार चुकला आणि त्या बुधवारी गेल्या. आक्काच्या कंबरेखाली तळहात मावेल एवढी जखम होती. हाड दिसत होतं. त्या गाडी आणायला धावल्या, पण ताप डोक्यात गेला होता. गाडी दारात यायच्या आत आक्का गेली.

आश्रमाच्या रजिस्टरात मृत्यूच्या कारणाचा एक रकाना असतो. संचालकानं त्यात लिहिलं, 'वार्धक्य'. आक्का त्रेसष्ट वर्षांची होती.

सिस्टरांनी तक्रार केली. चौकशीला आम्ही पाचव्या दिवशी गेलो. गच्चीच्या कठड्यावर एक गादी वाळत घातली होती. धुऊनसुद्धा तिच्या मधोमध ताटाएवढा डाग राहिला होता. मी तो बघितला. समितीवरच्या आमच्या साहेबांनीही बघितला. जीपमध्ये बसताना साहेब म्हणाले, "गाद्यांचे डाग अहवालात घ्यायचे नसतात." मी परत येऊन टाइप केलं, 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' माझं टायपिंग चांगलं आहे. त्या अहवालात एकही चूक नव्हती.

त्यानंतरची तीन वर्षं सिस्टरांनी जिल्ह्यातल्या आश्रमांना सळो की पळो करून सोडलं. महामार्गावरचा तो आश्रम तेवढा त्यांच्या वाट्याला येऊ दिला गेला नाही. त्यांचे त्यात 'हितसंबंध' होते म्हणे. पुढं त्या निवृत्त झाल्या आणि समितीतूनही गेल्या. एकदा धाराशिवच्या स्टँडवर भेटल्या तेव्हा मी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? भरपाई? केस घालायची का?"

"मला कायबी नगं. आक्काच्या नावाफुडं त्यानं वार्धक्य लिवलंय. ते त्यानं त्याच्या हातानं खोडायचं. आन् खरं लिवायचं. लोकांसमोर."

"आणि नाही लिहिलं तर?"

"मला घाई न्हाय."

खरंच नव्हती. साठ पूर्ण झाली त्या दिवशी त्या माझ्या टेबलापुढं येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवसाचे पेढे आणले होते. पेढ्यांच्या पुड्याखाली एक फॉर्म. त्याच आश्रमात प्रवेशासाठी अर्ज. साठीच्या पुढच्या कुणालाही जातपात न बघता प्रवेश, हे संचालकानं स्वतःच्याच माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. त्यांना फक्त कार्यालयाची शिफारस हवी होती. मी मुकाट्यानं लिहून दिली.

"तपासणी वर्साला एकदा हुत हुती," पेढा माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या. "आता रोज हुईल."

ट्रंक आणि वळकटी घेऊन त्या गेल्या आणि आक्काचीच खाट मागून घेतली. पुढची दोन वर्षं त्या माणसाचं काय झालं ते मी काही ना काही निमित्त काढून जाऊन बघत होतो आणि खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटायचं. सिस्टरांनी गळ्यात शिट्टी अडकवली होती. दर दोन तासांनी शिट्टी. शिट्टी झाली की अंथरुणावर पडलेल्या प्रत्येकाची कूस बदलायची, मग संचालकाकडं पाहुणे असोत नाहीतर आमदार. डाळ पातळ झाली की वाटी घेऊन त्या त्याच्या केबिनमध्ये जायच्या. "ह्ये तुम्ही प्या. मी बघते." आणि तो पिईपर्यंत उभ्या राहायच्या.

आक्काच्या वेळची मावशी अजून तिथंच कामाला होती. सतरा जणांचं हगणं-मुतणं ती एकटी बघायची. सिस्टरांनी तिला पहिल्या दिवसापासून धारेवर धरलं. माणूस कसा उचलायचा, पाठीला हात कसा लावायचा, हाडाखाली उशी कुठं सरकवायची, सगळं ओरडून ओरडून शिकवलं. सहा महिन्यांत मावशी एवढी तयार झाली की एखाद्या दवाखान्यात उभी केली असती तर नर्स म्हणून खपली असती. शिट्टी व्हायच्या आधीच तिचे हात कामाला लागायचे.

रविवारी आईवडिलांना ठेवायला म्हणून लोक जागा बघायला यायचे. सिस्टर व्हरांड्यात बाकावर बसलेल्या. "या. फरशी झाल्यावर माझ्याकडं या. बाकीचं मी दावते." संचालकाला घाम फुटायचा. त्यांना काढावं तर त्या पेपरात जातील, ठेवावं तर त्या रोज छातीवर बसलेल्या. शेवटी त्यानं आणखी दोन बाया कामावर घेतल्या. हवेच्या गाद्या आल्या. खाटांशेजारच्या घंटा वाजायला लागल्या, मागचं दार उघडं राहायला लागलं. अंथरुणात पडलेल्यांपैकी एकाच्याही अंगावर जखम उरली नाही.

"सिस्टर, जिंकलात की," मी म्हणालो.

"कसलं जिंकणं? त्याला जड जातंय म्हणून मला ग्वाड लागतंय, एवढंच." त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "म्या समाजसेवा करतीय असं कुणाला सांगत फिरू नका. म्या सूड घेतीय."

आणि मग व्हायचं तेच झालं. आश्रमाची एवढी कीर्ती झाली की एका मोठ्या संस्थेनं संचालकाला आदर्श सेवेचा पुरस्कार जाहीर केला. आश्रमाच्या आवारात मांडव पडला, खुर्च्या आल्या, माईक आला. मीही कार्यालयातर्फे गेलो होतो. सिस्टरांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. ओठ पांढरे पडले होते. "माझ्या आक्काच्या मढ्यावरची शाल ह्यो पांघरनार," एवढंच त्या म्हणाल्या.

संचालकाच्या अंगावर शाल पडली. त्यानं सेवा या विषयावर भाषण केलं. मग कौतुकानं म्हणाला, "आमच्या निवासी सिस्टर दोन शब्द बोलतील." दोन वर्षं ज्या बाईनं छळलं तीच चार लोकांत आपली पावती देणार, असं त्याला वाटलं असावं.

सिस्टर उठल्या त्या रजिस्टर घेऊनच. केबिनमधून ते त्यांनी कधी आणलं होतं देव जाणे. माईकसमोर उभं राहून त्यांनी ती ओळ वाचली. आक्काचं पूर्ण नाव, वय त्रेसष्ट, मृत्यूचे कारण वार्धक्य.

"सर, एवढी एक वळ चुकलीय. दुरुस्त करा."

संचालक हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "सिस्टर, हे आपण नंतर बघू. त्याची चौकशी झालेली आहे, कार्यालयाचा अहवाल आहे..." आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली. उठून बोलायची वेळ होती, आणि मी बुटांकडं बघत होतो.

बोलली ती मावशी. हातात पाण्याचा जग, तशीच मधल्या वाटेत येऊन उभी राहिली. "लिवा सर. ती गादी म्या धुतलीय. आठ दिस तिला कुणी वळवलं न्हवतं. म्या एकली हुते, तुमाला सांगितलं बी हुतं."

पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. एका माणसानं मोबाइल वर धरला. संचालकानं तो मोबाइल बघितला, आणि माझी खात्री आहे, मावशीच्या बोलण्यानं नव्हे तर त्या मोबाइलनं त्याचा हात पेनाकडं गेला. त्यानं 'वार्धक्य' खोडलं. लिहिलं आणि सिस्टरांनी माईक पुढं केल्यावर वाचलंही, "कंबरेखालील जखम. वेळेवर लक्ष दिले नाही."

"कुणी?"

तो रजिस्टराकडं बघत म्हणाला, "मी."

"ते बी लिवा."

लिहिलं. मग शाल सावरत, हात जोडून तो म्हणाला, "सिस्टर, आता तरी मला माफ करा." सगळा मांडव त्यांच्याकडं बघत होता. अशा वेळी काय बोलतात ते आपल्या सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"न्हाय," म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वळकटी बांधली. मावशीनं त्यांच्या गळ्यातली शिट्टी मागून घेतली. तीस कोसांवरच्या, लांबच्या नात्यातल्या भाच्याकडं त्या निघाल्या होत्या. मी रात्रभर झोपलो नव्हतो. रजा टाकून उमरग्याला गेलो आणि त्यांची ट्रंक उचलून स्टँडवर आणली. गाडी लागायला वेळ होता. मी म्हणालो, "सिस्टर, तो चौकशीचा अहवाल... तो माझ्या हातचा आहे. गादी मी बघितली होती."

"ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"पैल्यापासनं. खाली तुमची सही हुती की बारकी."

"मग इतकी वर्षं मला एका शब्दानं बोलला नाहीत? पेढा दिलात."

"तुमचा लंबर त्येच्यानंतर हाय," त्या म्हणाल्या. रागानं नाही. दवाखान्यात बाहेर बसलेल्या पेशंटला सांगावं तशा. "थोडा दम खाते. मग येते तुमच्या हापिसात."

गाडी आली. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, मीही केला नाही.

मी वाट बघायला लागलो. तुम्हाला खोटं वाटेल, पण रोज सकाळी कार्यालयाच्या जिन्यावर चपला वाजल्या की मी ताठ बसायचो. काय करतील, कुणासमोर करतील, साहेबांच्या केबिनमध्ये की भर बैठकीत, याचा विचार करून करून मला घाम यायचा. एकदा कपाटातून ती फाइल काढून टेबलावर आणून ठेवली, त्या आल्या तर शोधायला वेळ जाऊ नये म्हणून.

चार महिन्यांनी भाच्याचा फोन आला. सिस्टर हृदयविकारानं गेल्या. दिवसही होऊन गेले होते.

फोन ठेवला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, सुटलो. संध्याकाळपर्यंत ते वाटणं गेलं. फाइल अजून टेबलावरच आहे. त्यातलं वाक्य खोडून खरं लिहायला मला कुणी अडवलेलं नाही. ते साहेब कधीच निवृत्त झालेत. पण उठून बोलायची हिंमत माझ्यात त्या मांडवात नव्हती, तशी आजही नाही. त्या आल्या असत्या, टेबलावर हात आपटून 'लिवा' म्हणाल्या असत्या, तर मी लिहिलं असतं. आता मला लिहायला लावणारं कुणी उरलेलं नाही.