बरणीतली हरळ

साहेबरावांच्या घरी गेलं की आधी चहा मिळत नाही, आधी समुद्र बघावा लागतो. भोकरदनच्या त्यांच्या बैठकीत, जिथं इतरांकडे टीव्ही असतो तिथं, चार फुटी काचेची टाकी आहे. आत खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि दगडांवर वाढलेलं जिवंत प्रवाळ. "इथं नळाला आठवड्यानं पाणी येतं आणि तुम्ही पाण्यात मीठ कालवत बसता?" असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. शेजारी असलो तरी माझी जीभ मास्तरकीतली, तिखटच.

टाकी मुळात त्यांच्या लेकीची. आकांक्षा रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकली, कोचीला नोकरीला लागली आणि जाताना टाकी बापाच्या गळ्यात घालून गेली. त्यातलं हिरवं प्रवाळ तिनं आणलं तेव्हा नखाएवढं होतं, आता तळहाताएवढं झालंय. "बाबा, बाकी काही गेलं तरी चालेल, एवढं जपा," असं बजावून ती गेली. साहेबरावांनी पिंपळगाव रेणुकाईला चाळीस वर्षं मिरची पिकवलेली. सांगितलेलं काम मनाला लावून घ्यायची त्यांची सवय जुनीच.

गेल्या उन्हाळ्यात एका नव्या दगडाबरोबर तीन तपकिरी समुद्रफुलं टाकीत आली. दिसायला नाजूक, पण डंख मारणारी. शेजारचं हिरवं प्रवाळ मिटून बसायला लागलं.

"तण हाये, मास्तर," साहेबराव म्हणाले. "उपटून टाकू."

चिमटा मीच आणून दिला, हे कबूल करतो. त्यांनी मिरचीच्या वाफ्यात खुरपणी करावी तशी ती तिन्ही फुलं ओढून काढली. आम्ही दोघंही खूश. तीन आठवड्यांनी मोजली तर चौतीस फुलं. फोनवर ते बघून आकांक्षानं कपाळाला हात लावला. "बाबा, त्याचा एवढासा तुकडा राहिला तरी नवीन उगवतं!"

साहेबराव स्वतःवरच चिडले. "मास्तर, ही तं हरळ हाये! तोडली की दहा जागी फुटती. चाळीस वर्सं शेती केली अन् हे मला पोरीनं सांगावं?"

मी औषध टाकायचं सुचवलं. ते बिलकुल तयार झाले नाहीत. एका वर्षी मिरचीवर त्यांनी फुलकिड्यांसाठी दणकून फवारणी केली होती. आधी मेले ते ढालकिडे, म्हणजे जे मावा-किडी खाऊन पीक राखतात तेच, आणि किडी दुपटीनं परत आल्या. "औषधानं आपलाच माणूस आधी मरतो," एवढंच ते म्हणाले.

मग आकांक्षानं पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून आठ समुद्री गोगलगाई पाठवल्या. शंख नसलेल्या, पांढुरक्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्या ही तपकिरी फुलंच खातात, दुसरं काहीच नाही. टाकीत सोडल्या आणि कुठं गेल्या ते कळेना. पंधरा दिवस झाले, फुलं तेवढीच, प्रवाळ आणखी आक्रसलेलं. साहेबरावांना घास गोड लागेना. मी म्हणालो, मेल्या असतील. माझी जीभ.

"मित्रकीड हाये. जल्दी करून चालत न्हाई," ते म्हणाले, पण तोंड उतरलं होतं.

दुसऱ्या महिन्यात काचेवर गोगलगाईंच्या अंड्यांचे वेटोळे दिसले. फुलं चौतिसाची वीस झाली, विसाची सात. आणि एका सकाळी साहेबरावांनी भिंतीवरून मला हाक मारली. हिरवं प्रवाळ पूर्ण उमललं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगायचं तर माझ्याही.

आकांक्षाला फोन केला. ती हसली, मग म्हणाली, "आता फुलं संपली की गोगलगाई उपाशी मरतील. त्याला इलाज नाही, बाबा."

साहेबरावांनी शेवटची चार फुलं असलेला दगड तेवढा त्याच दिवशी टाकीतून बाहेर काढला.

दिवाळीला आकांक्षा आली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून ती टाकीसमोर उभी राहिली, प्रवाळ डोळे भरून बघितलं आणि वळली. खिडकीत तिच्या आईच्या, सोनूबाईंच्या, लोणच्याच्या दोन बरण्या, दोन्हींत खारं पाणी, हवेच्या नळ्या. एकीत तपकिरी फुलं दाटीनं उगवलेली, दुसरीत गोगलगाई. समोर साहेबराव बसलेले, हातात तोच चिमटा. एकेका फुलाचे ते मुद्दाम तुकडे करत होते.

"काय करताय, बाबा?"

"जल्मभर हरळ उपटली," सोनूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "आता म्हातारपणी तिची लागवड करून राह्यले. माझ्या बरण्या गेल्या ते गेल्याच."

साहेबरावांनी मान वर केली नाही. "तुझं प्रवाळ ज्यांनी राखलं, त्यांना उपाशी कसं ठेवू?"

आकांक्षानं बॅग खाली ठेवली, त्यांच्याशेजारी बसली आणि हात पुढे केला. "द्या चिमटा. मी तोडते."