तक्त्यात मीठ नव्हतं

ऐन मे महिन्यात मुलगी बघायला देवळाली कॅम्पात गेलो आणि उसळीचा पहिला घास घेऊन म्हणालो, "मटार अगदी ताजे आहेत. पंचवटीच्या बाजारातले का?" मुलीच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आतून रिकामा डबा आणला आणि माझ्या बशीशेजारी ठेवला. "वाचा. मागचा तक्ता." मुलगी बाहेर येण्याआधी मी मटारातली प्रथिनं बघून घेतली.

आप्पांची सगळी नोकरी लष्कराच्या शिधाकोठारात गेली. डबाबंद भाजीवर त्यांची श्रद्धा होती, पण वाचायचे ते फक्त पोषणाचा तक्ता. "बाकी सगळी जाहिरात. तक्ता तेवढा खरा." डब्यातलं पाणीही पिऊन टाकायचे. "सत्त्व पाण्यात उतरतं, जावईबापू."

पुढे ते आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आले, तेव्हा आप्पांचा रक्तदाब चढलेला, पाय सुजलेले. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. आप्पांनी ते हुकमासारखं पाळलं. आमटी अळणी, भाजी अळणी, पापडाकडे नजरसुद्धा नाही. तरी सूज वाढतच गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मीठ चोरून खाता ना?"

आप्पा तिथून उठले ते उठलेच. "मला चोर म्हणाला. त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही." गोळ्याही सोडल्या. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशीला टेकून बसून राहायचे. घरात कुणी मोठ्यानं बोलेना.

निदान अंगात ताकद राहावी म्हणून माझ्या बायकोनं, अनघानं, द्वारका चौकातून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचं पाकीट आणलं. "आप्पा, डबे पुरे. आता नागलीची भाकरी."

"तक्ता आहे का त्याला? मग समोरासमोर होऊ दे."

टेबलावर डबा आणि पाकीट. वाचणारा मी. कॅल्शियममध्ये नागली पुढे, लोहात नागली पुढे.

"थांबा," आप्पा धापा टाकत म्हणाले. "पीठ कोरडं, मटार पाण्यातले. कोरड्याची ओल्याशी कसली बरोबरी? पीठ भिजवा, मग बोला."

मुद्दा बरोबर होता, म्हणून अनघाचा चेहरा आणखीच ताणला गेला. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "क जीवनसत्त्व मात्र डब्यात थोडं आहे, पिठात नाही." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढची ओळ मी चाचरतच वाचली. "सोडियम. पिठात नावाला. डब्यात... बरंच आहे."

"बघा. त्यातही डबाच पुढे."

अनघा खुर्चीवर बसली. "आप्पा, सोडियम म्हणजे काय?"

"असेल कॅल्शियमचा भाऊ."

"मिठातलं असतं ते. डब्यात मीठच घातलंय."

आप्पा बराच वेळ डबा हातात फिरवत राहिले. "अळणी जेवणात तेवढंच काय ते चवीचं लागायचं," ते म्हणाले. "मला वाटलं, सत्त्वाची चव."

मग त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. दवाखान्यात डॉक्टरांसमोर ताठ उभं राहून म्हणाले, "साहेब, चोरून नाही खाल्लं. वाचून खाल्लं." डॉक्टरांना कळेना, मला समजावून सांगावं लागलं.

डबे सुटले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सूज उतरली. त्यानंतर बरेच दिवस आप्पा नागलीची भाकरी खाऊन आडवे झोपले, आणि एका पहाटे तसेच झोपेत गेले.

दवाखान्यातल्या त्या दिवशी मात्र ते आत तपासून घेत होते आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. मला हसू आवरत नव्हतं. अनघा हसली नाही. म्हणाली, "आईला कुठल्या तोंडानं सांगू? तीच त्यांना गुपचूप लोणचं देते असं धरून मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही."