झेंडा लावलेला ट्रक

उकंडरावच्या हातात कोणतीही वस्तू दिली, की तो आधी तिचं वजन बघायचा. पाण्याचा तांब्या असो, कुणाचं तान्हं पोर असो, नाहीतर लग्नातली आहेराची पिशवी. कारंज्याच्या बाजार समितीत हमाली करण्यात उभी हयात गेली. डोळ्याआधी तळहाताने बघायची सवय लागली होती. त्यामुळे मुलाने, मुन्नाने, नवीन आणलेलं गेमचं मशीन त्याच्या हातावर ठेवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अर्ध्या किलोच्या आत हाय. अन् याच्यासाठी एवढा मोठा खोका?"

मुन्नाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. तो सामान आणायला अकोल्याला गेला, की सून ज्योत्स्ना दुकानात बसायची. मशीन दोघांनी हौसेने मागवलं होतं. मधे काच, दोन्ही बाजूंना बटणांची दोन दांडकी. दांडकी सरकवली की सुटी व्हायची. एक याच्या हातात, एक त्याच्या, मशीन टेबलावर उभं, म्हणजे दोघांचा खेळ.

उकंडरावचा गुडघा त्या दिवसांत सुजलेला होता. बाहेर फिरणं बंद. ज्योत्स्नाने त्याला खाटेवर बसवून एकेक खेळ दाखवला. पहिला शेतीचा. एक बटण दाबलं की नांगरट, दुसरं दाबलं की पेरणी, खेळातला माणूस झोपून उठला की पीक वर.

"निंदन कोन करते?" उकंडरावने विचारलं.

"निंदन नाई याच्यात, मामाजी."

"मंग हे शेत नोहे."

दुसऱ्या खेळात एक बुटका गडी नुसता उड्या मारत पळत होता. "हा कुठं चालला? याचं काम काय हाय?" त्याचं काम काय आहे ते ज्योत्स्नालाही सांगता येईना. तोही खेळ बाद झाला.

तिसरा मात्र ट्रकांचा निघाला. भरलेले ट्रक घाट चढतात, बाजारातून वाट काढतात, नदीकाठच्या वळणावर एकमेकांना मागे टाकतात, आणि जो आधी पोचतो तो जिंकतो. उकंडराव सरसावून बसला. ट्रक रस्त्याच्या कडेला घासला, की हातातलं दांडकं थरथरायचं. पाठीवरचं पोतं सरकताना बसतो तसला हिसका. ते त्याला पटलं. पण पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर त्याचा ट्रक नदीत गेला. क्रेन यायची, उचलून रस्त्यावर ठेवायची. पुढच्या वळणावर पुन्हा नदी. शेवटी मशीन बाजूला ठेवून तो भिंतीकडे तोंड करून पडला. जेवायलाही उठला नाही.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाने आग्रह करून दांडकं हातात दिलं. आणि काय आश्चर्य, ट्रक जमला. वळणं जमली. चार दिवसांत तो पहिला येऊ लागला. त्याच्या ट्रकच्या पाठीमागे एक हिरवा झेंडाही फडकत होता, तो बाकी कुठल्याच ट्रकला नव्हता. त्याच्या मामाच्या गावच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पहिल्या आलेल्या जोडीला झेंडा मिळायचा, आणि ती बैलजोडी गावातून मिरवायची. हाही तसाच, हे उकंडरावला कुणी सांगावं लागलं नाही.

गुडघा उतरला तसा खेळ बाहेर आला. दुकानापुढच्या टिनाच्या शेडखाली लाकडी बाक होता. तिथे दुपारी जुन्या टोळीतले चार-दोन हमाल येऊन बसायचे. त्यांत ग्यानबा असायचा, बोलण्यात पटाईत आणि कामाला बेताचा. आणि असायचा भाऊसिंग, जवळच्या तांड्यावरचा, उकंडरावचा जोडीदार. पोत्याचं एक टोक याने धरायचं, दुसरं त्याने, आणि एका झोक्यात ट्रकवर. दोघांनी मिळून किती ट्रक भरले त्याची गणती नाही. भाऊसिंगच्या डाव्या हाताचा अंगठा पोत्याखाली सापडून कायमचा ताठ झाला होता, तरी त्याचं टोक कधी खाली झुकलं नव्हतं.

टोळीत एक शब्द होता. व्यापाऱ्याची लोखंडी तिजोरी हलवायची, तर चौघं लागत. चौघांतला एखादा नुसता हात लावून चालतो. चेहरा घामाघूम, पण वजन बाकी तिघांवर. बघणाऱ्याला कळत नाही, उचलणाऱ्याला कळतं. अशा माणसाला म्हणायचे हातलाव्या. आईबहिणीवरची शिवी हमाल ऐकून घ्यायचा, पण हा शब्द नाही. उकंडरावला हातलाव्या चार पावलांत ओळखू यायचा. तो ओझं तिथेच ठेवायला लावायचा आणि त्या माणसाला म्हणायचा, "तू घरी जाय. आमी तिघं नेतो." हे त्याने किती जणांना ऐकवलं होतं. टोळीत त्याचा दरारा होता तो यामुळेच.

तर शेडखाली खेळ रंगू लागला. ग्यानबा हरला, दुकानात मोबाइल घेऊन आलेली गिऱ्हाइकं हरली. उकंडरावचा ट्रक झेंडा फडकवत पुढे.

"झेंडा त्यालेच काहून हाय बे?" एकाने विचारलं.

"पट जिंकते त्याले असते," उकंडराव मशीनवरची नजर न काढता म्हणाला.

"याले आता टोपीवर तुरा पाह्यजे," ग्यानबा म्हणाला. "बाजार समितीवाल्यायले सांगा, उकंडरावचा सत्कार करा. म्हाताऱ्यानं कारंज्याचं नाव काढलं."

सगळे हसले. उकंडरावही हसला, आणि हरभऱ्याच्या झाडावर आणखी एक फांदी वर चढला.

भाऊसिंगची पाळी आली. ताठ अंगठ्याने त्याला दांडक्यावरचं वळायचं बटण दाबता येईना. त्याचा ट्रक नदीत, पुन्हा नदीत, पुन्हा नदीत. तो स्वतःच खो-खो हसत होता. तिसऱ्या वेळी क्रेनने ट्रक वर काढला तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे लेका उकंडा. याच्यात जोर कुठं लागते? जोर लागला असता तं पाह्यलं असतं."

म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण तोवर उकंडरावला जिंकायची चटक लागली होती. आपल्या जिंकण्यात जोर नाही, हे त्याला झोंबलं.

"जोर तं तुले तवाही नव्हता लागत," तो म्हणाला. "टोक धरून नुसता चालायचा. हातलाव्या."

ग्यानबाने तंबाखू मळता मळता हात थांबवला. भाऊसिंगने दांडकं बाकावर सरळ ठेवलं, खाली पडणार नाही असं. गळ्यातला दुपट्टा झटकला आणि निघून गेला.

"हारला म्हून राग आला," उकंडराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भाऊसिंग आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. उकंडराव कुणाची वाट बघत नसल्यासारखा बाकावर बसायचा.

मग एक दिवस सकाळीच उकंडरावची बायको, गोजराबाई, मशीन घेऊन खाटेवर बसली. "पाहू द्या तं मले, एवढं काय हाय त्याच्यात." तिने आयुष्यात मोबाइलसुद्धा धड धरला नव्हता. उकंडराव गालात हसत बघत राहिला. पण पहिलं वळण आलं आणि ट्रक अलगद वळला. दुसरं आलं, वळला. झेंडा फडकत होता.

"अवो, सोपं तं हाय!" गोजराबाई म्हणाली. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास सुटला. "अगं माय!" करत तिने मशीन खाटेवर टाकलं आणि आत धावली.

उकंडराव मशीनकडे बघत राहिला. ट्रक चालतच होता. त्याच्यावर कुणाचा हात नव्हता. नदीकाठचं ते वळण आलं, जिथे पहिल्या दिवशी तो सारखा बुडाला होता. ट्रक कडेपर्यंत गेला, जरासा कचरला आणि आपणहून वळून रस्त्याला लागला.

त्याचे कान तापले. त्याने ज्योत्स्नाला हाक मारली. ती दुकानातून स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊनच आली.

"हा झेंडा कायचा होय?"

ज्योत्स्ना घुटमळली. "मदतीचा होय, मामाजी. मदत चालू असली की दिसते. गाडी आपोआप चालवते, रस्त्याखाली जाऊ देत नाई ते."

"कोनं लावला?"

"मीच लावला. तुमी त्या दिवशी जेवले बी नाई, म्हून. नव्या मानसासाठीच असते ते. त्याच्यात काय एवढं?"

"अन् भाऊसिंगच्या ट्रकाले?"

"त्यायनं मांगितलीच नाई."

मी तरी कुठे मागितली होती, असं उकंडरावच्या ओठांवर आलं. पण ते त्याने गिळलं. न मागता मिळालेलं वजनाला हलकं असतं, हे त्याला कळायला हवं होतं. ज्या हाताला पोत्यातली चार मुठी कमतरता कळायची, त्या हाताला एवढे दिवस ओझंच नाही हे कळलं नाही. की कळलं होतं आणि चालवून घेतलं?

"काढून टाक तो," तो म्हणाला.

ज्योत्स्नाने काढला. मग हळूच म्हणाली, "काहून काढला हे कोनाले कळनार नाई. तुमी म्हना, आज मन नाई लागत. हळूहळू जमते."

पोरगी मनाने चांगली होती. तिने पळवाट दाखवली, आणि ती वाट सोपीही होती. पण उकंडराव खाटेवरून उठला. मग टोपी घालून बाहेर पडला आणि तांड्याकडे जाणाऱ्या ऑटोत बसला.

भाऊसिंग अंगणात दोर वळत बसला होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा दोराकडे. त्याची बायको गोमतीबाई पाण्याचा गडवा घेऊन आली. "घ्या भाऊ, पानी घ्या. जोरवाल्या मानसाले तहान लय लागते." एरवी या घरी उकंडराव टेकायच्या आत चहाचं आधण चढायचं. आज ती पाणी देऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

"भाऊसिंग, मले काई सांगाचं हाय."

"कुठं बोलला होता?"

"काय?"

"तो शब्द. कुठं बोलला होता? चार मानसात बोलला ना? मंग इथं अंगनात काय सांगतं? तिथं सांग. मी येतो उद्या."

उकंडरावने पाणी पिऊन गडवा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेडखाली नेहमीपेक्षा दोन माणसं जास्तच होती. भाऊसिंग बाकाच्या टोकाला बसला. उकंडराव उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून हे बोलणं होईना.

"त्या झेंड्याचं मी खोटं सांगतलं," तो म्हणाला. "तो जिंकल्याचा नोहे. ज्याले येत नाई त्याच्यासाठी मशीन गाडी वळवते, त्याची ती निशानी होय. माहा ट्रक मी चालवतच नव्हतो."

मग ग्यानबा फुटलाच. "म्हंजे इतके दिवस आमी मशीनसंगं हारलो? अन् हा मिश्या पिळून राह्यला होता!" सगळे हसू लागले. कुणी गुडघ्यावर थाप मारली. "अरे खेळच तं होय उकंडराव, तोंड काहून पाडता? बसा, च्या सांगा."

हसण्यात सगळं धुऊन जाणार होतं. उकंडरावने फक्त खाली बसायचं, चहा सांगायचा, की झालं. त्याने भाऊसिंगकडे पाहिलं. भाऊसिंग हसत नव्हता.

"खेळाचं झालं," भाऊसिंग म्हणाला. "पुढचं?"

मान वर ठेवून बोलायचं उकंडरावने ठरवलं होतं. ती राहिली नाही. जमिनीकडे बघतच तो म्हणाला, "मी याले हातलाव्या म्हटलं. हा कधीच नव्हता. अंगठा गेला त्या दिवशीबी यानं टोक सोडलं नाई, पोतं वर टाकलं अन् मंग हात पाह्यला. मले सारं मालूम होतं. मालूम असून म्हटलं." तो थांबला. "हातलाव्या मी."

ग्यानबाने तंबाखूची पिचकारी दूर टाकली आणि दुसरीकडे बघू लागला. कुणी 'जाऊ द्या' म्हणालं नाही. म्हणालं असतं तर उकंडरावला बरं वाटलं असतं, म्हणून कुणी म्हणालं नाही ते बरंच झालं.

भाऊसिंगने टेबलावरच्या मशीनकडे बोट केलं. "लाव."

ज्योत्स्नाने खेळ लावला. दोन दांडकी दोघांच्या हातात. दोन ट्रक, एकालाही झेंडा नाही. पहिल्याच वळणावर उकंडराव नदीत. क्रेनने काढला, पुढे पुन्हा नदीत. भाऊसिंगही बुडाला, पण त्याने एवढ्या दिवसांत काय विचार केला होता कोण जाणे, दांडकं उभं धरून तो अंगठ्याऐवजी तर्जनीने बटण दाबत होता. अडखळत, घासत, त्याचा ट्रक पार झाला.

उकंडराव अजून घाटातच होता. माणसं एकेक करून उठली. म्हाताऱ्याचं बुडणं किती वेळ बघणार? ग्यानबा गेला, गिऱ्हाईक मोबाइल घेऊन गेलं. ट्रक कडेला लागून हातात थरथरत होता. आपण सारखे घसरतो आहोत हे बघायला समोर भाऊसिंग एकटाच उरला, हे उकंडरावला सगळ्यांत जड झालं. त्याने दांडकं टेबलावर ठेवलं.

"झालं," तो म्हणाला. "तू जिंकला."

"गाडी पोचली का तुही?"

"नाई."

"मंग उचल," भाऊसिंग म्हणाला आणि बाकावर पाय वर घेऊन नीट बसला. "पुरी कर. मी बसलो हाय."

उकंडरावने दांडकं उचललं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. समोर पुढचं वळण येत होतं.