पुढच्या सीटखालचा पिवळा प्लग

आज मी नाशिकात स्वतःच्या गाडीतून फिरतो, ते निफाडच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांमुळे. घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही इलेक्ट्रिकलचा. कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरून घेतला होता. सरांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आणायचं ठरलं, तेव्हा गाडी त्यांच्या योग्यतेची करायला मी स्वतः बसलो. गुडघा वाकत नसल्यानं सरांना पुढेच बसावं लागतं, आणि त्याच सीटखाली द्राक्षांची पेटी फुटून रस मुरला होता. वास असा, की विंचूरच्या वाइनवाल्यांनी भाव विचारावा.

"अहो, गॅरेजवाल्याला बोलवा ना," बायको म्हणाली.

"डिग्री काय भिंतीवर टांगायला घेतली?"

"टांगलीच आहे की. आईंनी हारही घातलाय."

चार बोल्ट काढले. सीटखाली तारा आणि एक पिवळा प्लग. पिवळा म्हणजे एअरबॅगचा. आधी बॅटरीची तार काढावी, थोडं थांबावं, मगच हात लावावा, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. पण पुस्तकं अडाण्यांसाठी असतात. मी प्लग ओढला. निघेना, म्हणून पदवीधराच्या ताकदीनं ओढला. निघाला, मोडून.

सीट धुऊन, वाळवून बसवली. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला, तो विझेचना.

शेवटी गॅरेजवाला आलाच. "साहेब, बॅटरी काढली होती?"

"नाही."

"शिक्षण?"

"इलेक्ट्रिकल."

त्यानं अतिशय अदबीनं पाना खाली ठेवला. "नवा प्लग यायला आठ दिवस. तोवर बॅग उघडंलच असं नाय."

"पण गाडी चालते ना?"

"लय भारी चालते. ठोकायची तेवढी नाय."

दिव्यावर काळी पट्टी चिकटवण्याचा शास्त्रीय उपाय मला लगेच सुचला. तसंही सरांना दिसलं नसतंच. पट्टी कापूनही झाली. मग ती टाकून दिली आणि, सरांना फोनवर ऐकू येत नाही म्हणून, पत्र लिहिलं:

"आदरणीय सर, सा. न.

मंगळवारी न्यायला येतो, पण भाड्याच्या गाडीनं. माझ्या गाडीतली तुमची सीट मी स्वतः काढून बसवली आणि एअरबॅगची जोडणी मोडली. तुम्हाला तीत बसवायची माझी हिंमत नाही. हे पत्र काकूच वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनाही कळेलच. हसू द्या. गोळ्यांची यादी बरोबर घ्या.

आपला विद्यार्थी"