कानाचा हलका कायदा

आधीच सांगून टाकतो, मी कायद्याच्या बाजूचा माणूस. गाडी माणसाला न्यायला-आणायला असते, अख्ख्या गल्लीला वर्दी द्यायला नव्हे. पण माझं घर ग्लेनिस ट्रँटरच्या शेजारी, आणि आमच्या यारंडा गावात तिच्या जुन्या होल्डनइतकी बोंबलणारी दुसरी गाडी नव्हती. संत्र्यांच्या पॅकिंग शेडमधली पाळी संपवून ती निघाली की धान्याच्या कोठारांजवळच्या वळणावरूनच आवाज यायचा. माझ्या कपाटातले कप किणकिणायला लागायचे. मी शिव्या घालत उठायचो आणि किटली चढवायचो, कारण गाडी लावून बाई थेट माझ्याकडे चहाला यायची.

त्या गाडीची धुराची नळी तिच्या नवऱ्यानं, मर्व्हनं, स्वतः वाकवून जोडलेली. पुढं त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि तो गेला. ग्लेनिस रडणाऱ्यांतली नव्हे. त्या नळीला तिनं दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाही, एवढंच. मर्व्हचा म्हणून एवढा एक आवाज उरलाय, असं ती एकदाच म्हणाली, आणि लगेच बिस्किटं मऊ पडलीत म्हणून माझ्यावर घसरली.

मग तो नवा नियम आला. आवाज मोठा आहे असं पोलिसाच्या कानाला वाटलं की पुरे, गाडीच्या काचेवर पिवळा कागद. आमच्याकडे त्याला कॅनरी म्हणतात, त्या पिवळ्या पाखरावरून. कॅनरी बसली की शहरात नेऊन तपासून घेईपर्यंत गाडी वापरायची नाही, आणि शहर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. ग्लेनिसच्या मोटार क्लबातला स्पड सिग्नलला उभा होता. शेजारी गुरांचा ट्रक धडधडत होता. ट्रक निघून गेला आणि कॅनरी बसली स्पडच्या काचेवर.

ग्लेनिस क्लबाची अध्यक्ष. आवाज कानानं नको, मीटरनं मोजा, अशा अर्जावर ती सह्या गोळा करत दारोदार फिरली. माझ्याही दारात येऊन उभी राहिली.

"अगं, मला तर तुझी गाडी बंदच व्हायला हवीय," मी म्हणालो.

"मग कर ना बंद. पण मोजून कर. कायदा कानाचा हलका असून चालत नाही, मॉरी. आज स्पड सापडला, उद्या सार्जंटला ज्याचं तोंड आवडणार नाही तो सापडेल."

मी पेन मागून घेतलं. केली सही.

गावच्या सभागृहात बैठक झाली. क्लबवाले शिट्ट्या मारायला लागले, तर तिनं एका नजरेत त्यांना खाली बसवलं. शहरातून आलेल्या सरकारी माणसांनी विचारलं की मीटर आणला आणि तुमच्याच गाड्या नापास झाल्या, तर काय करणार?

"ज्याची नापास होईल त्यानं आपली नळी कापून साधी बसवायची," ती म्हणाली. "रांगेत पहिली गाडी माझी. माझी नळी मी माझ्या हातानं कापीन."

नाही म्हणायच्या तयारीनं आलेल्या त्या माणसांना मग नाही म्हणता येईना. कानावरचा भरवसा संपला. मोजणी मीटरनं आणि गावातच करायची ठरली.

मोजणी जत्रेच्या मैदानावर होती. पहिली तिची गाडी. इंजिन चालू झालं, मीटरनं आकडा दाखवला आणि गाडी पास झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला, पण ग्लेनिस मान तिरकी करून आत बसूनच राहिली. इतकी वर्षं त्या आवाजाच्या नावानं खडे फोडणाऱ्या मलासुद्धा कळलं की हा तो आवाज नाही. मर्व्हला पडसं झाल्यासारखा तो लागत होता. ती उतरली, नळीत तारेचा आकडा घातला आणि आवाज दाबायला कोंबलेल्या भांडी घासायच्या तारेच्या घासण्या बाहेर ओढल्या. चांगले तीन-चार गोळे निघाले. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला स्पड बुटांकडे बघत उभा होता.

"मर्व्हची गाडी आहे गं," तो पुटपुटला.

"म्हणूनच," ती म्हणाली. "मीटर परत लावा."

गाडी नापास झाली, थोडक्यासाठी झाली, पण झाली. स्पडची मात्र सरळ मर्यादेत निघाली आणि त्याची कॅनरी उडाली.

त्याच दुपारी तिनं नळी कापली. स्पड करवत घेऊन आला होता. तिनं करवत घेतली आणि त्याला घरी पाठवलं. मी गाडीखाली दिवा धरला होता. ती रडणाऱ्यांतली नव्हे असं वर लिहिलंय, ते मी खोडत नाही. पण त्या दुपारी ती रडली, आणि करवत थांबली नाही. कापलेली नळी तिनं मला दिली, टोमॅटोला टेकू म्हणून.

सोमवारी माझी डुलकी जरा लांबली. डोळे उघडले तर ग्लेनिस दारात.

"किटली कुठाय?"

"तू आलीस कधी? मला ऐकूच आलं नाही."

"हेच हवं होतं ना तुला."

टोमणा मारला असता तर मी परतवला असता. पण ती साधंच बोलली होती आणि मला फार लागलं. चहा होईपर्यंत तिनं पिशवीतून नवा कागद काढला. गुरांचे ट्रकही त्याच मीटरनं मोजा, अशी मागणी. मी न वाचता सही केली.

आता तिची पाळी सुटायच्या आधीच मी व्हरांड्यात खुर्ची टाकून वळणाकडे बघत बसतो. गाडी दिसली की किटली चढवतो. कपाटातले कप गप्प असतात, आणि मला ते अजिबात आवडत नाही.