मूषकाची शेपटी

पत्नी धानाच्या बांधीत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, तरी बोटे आखडलेलीच राहिली. हात हलवत राहा, नाहीतर तो असाच राहील, असे डॉक्टरांनी बजावले. मी मराठीचा शिक्षक. व्यायामाच्या महत्त्वावर मी तिला रोज व्याख्यान दिले, आणि तेही तिने डाव्या हाताने केलेला चहा पीत.

रबरी चेंडू ती दाबेना. म्हणे, "मी का लहान लेकरू आहो का जी?"

तेव्हा मला मुलीचा जुना टीव्ही गेम आठवला. त्यात चित्रे काढायची एक कॅसेट होती, आणि मुलगी शाळेत गेली की हीच दुपारभर पडद्यावर मोर काढत बसे. माळ्यावरून यंत्र उतरवले. ते चालू झाले; मात्र त्याच्या माउसची वायर खऱ्या उंदरांनी कुरतडली होती.

इंग्रजी शब्द टाळण्याचा मला एक निरुपयोगी हट्ट आहे. गोंदियाच्या दुकानात मी गंभीरपणे विचारले, "पुराने टीव्ही गेम का मूषक मिलेगा?"

"मास्टरजी, चूहे की दवाई बाजूवाले के पास," दुकानदार म्हणाला. अखेर मी शरमत 'माउस' म्हणालो, तेव्हा त्याने जुन्या सामानाच्या खोक्यातून एक काढून दिला.

घरी पत्नीने तो पाहिला. "नवं धान आलं तं घरभर उंदरं नाचून राहिले. आखीन एक कायले आनला जी?"

मी जोडणी केली आणि प्रात्यक्षिक देण्यास बसलो. बाण वर न्यावा तर खाली जाई, डावीकडे न्यावा तर उजवीकडे. मी दुकानदाराला दोष दिला, मग विजेच्या कमी दाबाला. ती दारातून पाहत होती.

"शेपटी आपल्याकडं करून बसले! उलटा धरून राहिले जी तुमी."

हसत हसत तिने माउस माझ्या हातून ओढून घेतला. उजव्या हाताने. हे तिच्या ध्यानात आले नसावे. पडद्यावर एक रेघ थरथरत वर चढली. मोराची मान होती की उसाचे कांडे, ते कळत नव्हते. मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "भाषण नोका देऊ. चहा मांडा."

मी उठलो. साखरेचा डबा कोठे असतो, हे विचारण्याचे धैर्य मात्र झाले नाही.